लांब धाव आणि पायऱ्या, एकाच आठवड्यात

सातारा हिल मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट डोळ्यांसमोर असेल, तर हिवाळ्यात पायऱ्या जरूर कर. फक्त लांब धावेला लागून नको. रविवारी लांब पळत असशील, तर पायऱ्या बुधवारी ठेव.

सज्जनगडाच्या पायऱ्या मला सर्वांत आवडतात. पहाटे दवाने दगड निसरडा होतो, म्हणून उजाडल्यावरच जा, आणि भाविकांना आधी वाट दे. थंडीत पोटऱ्या आखडलेल्या असतात. दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर हळू पळून मगच चढ. नुसत्या चवड्यांवर चढू नकोस, टाचेवरची शीर धरते.

उतरण्याचं मात्र नीट ऐक. खरा मार तिथेच बसतो. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी घरचा जिनासुद्धा उतरवत नाही. पहिला महिना पळत वर, चालत खाली. सगळे धडाधड उतरत असले तरी तू चालच.

सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. धावेचे किलोमीटर वाढवशील त्या आठवड्यात पायऱ्या वाढवू नकोस. गुडघ्याच्या वाटीखाली दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांब.