एमआरएसएच्या जखमेत अँटिबायोटिकसोबत मध दिला तर उपयोग होतो का?

वडिलांच्या पायाची जखम भरत नाही, तपासणीत एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू) निघाला आहे, तर गोळ्यांसोबत मध खायला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. खाल्लेल्या मधाने ती जखम बरी होणार नाही. तो पचतो, त्याची साखर रक्तात जाते आणि जंतूंना मारणारा गुण वाटेतच संपतो. वडिलांना मधुमेह असेल तर उलट त्रासच.

जखमेवर लावलेल्या मधाची गोष्ट वेगळी, आणि तीत खरोखर दम आहे. साखर जंतूंचं पाणी ओढून घेते, आम्लता त्यांची वाढ रोखते आणि मध जखमेच्या ओलाव्यात पातळ झाला की त्यातलं एक विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. न्यूझीलंडच्या मनुका मधात शिवाय मिथाइलग्लायॉक्सल हे जंतू मारणारं रसायन असतं. एवढ्या बाजूंनी एकदम मार बसला की जंतूला सुटायला वाट सापडणं कठीण.

रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. हे औषध एकटं वापरलं तर एका जनुकातला छोटासा बदलही जंतूला पुरतो, रातोरात प्रतिकार उभा राहतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याला मनुका मधाची जोड दिली, तेव्हा असे प्रतिकारक जंतू दिसलेच नाहीत. विद्यार्थी असताना मीही प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये एका बाजूने औषध, दुसऱ्या बाजूने मध कमी-कमी करत लावायचे. औषधाच्या ज्या मात्रेला एरवी जंतू वाढून सगळं गढूळ व्हायचं, तिथे मधाच्या जोडीने खळगे नितळ राहिलेले पाहिले, त्या सकाळचा आनंद मी विसरलेले नाही. पण प्लेट म्हणजे पाय नव्हे. तिथे रक्तपुरवठा, हाड, सूज असं काहीच नसतं.

प्रोपोलिसवर, म्हणजे मधमाश्या पोळ्यात वापरतात त्या डिंकासारख्या पदार्थावर, माझा भरवसा कमी आहे. माश्या ज्या झाडांचा डिंक गोळा करतात त्याप्रमाणे त्यातले घटक बदलतात, आणि अनेकांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन जंतूंचं आवरण फोडतं, पण आपल्या लाल रक्तपेशीही फोडतं.

घरातला मध मात्र जखमेवर लावू नका, त्यात क्लॉस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. ड्रेसिंगसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. वडिलांची जखम पाहणाऱ्या डॉक्टरांना तसं ड्रेसिंग चालेल का, हे विचारा. हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. तोवर गोळ्यांचा एकही डोस चुकवू नका.