उलट भाषांतर जुळलं, तरी अल्फाची घाई नको

तुमचा प्रश्न असा : आयसीआयक्यू या आंतरराष्ट्रीय प्रश्नावली-संचातल्या, लघवी गळण्याच्या छोट्या प्रश्नावलीचं मराठी झालं, त्याचं पुन्हा इंग्रजी केलं तेही मुळाशी तंतोतंत जुळलं, तर आता शंभर जणींकडून भरून घेऊन अल्फा (क्रोनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढायचा का? माझं मत, इतक्यात नको.

तंतोतंत जुळलं हेच मला खटकतंय. ‘मूत्र असंयम’ लिहिलंत तर उलट भाषांतर करणारा डोळे झाकून बरोबर इंग्रजी शब्द देणार, तोही तुमच्याइतकाच शिकलेला. ओपीडीतल्या मावशींचं काय? आम्ही पहिल्या खर्ड्यात नुसतं ‘गळती’ लिहिलं होतं. एक आजी म्हणाल्या, ‘पत्र्याला आहे, पावसाळ्यात.’ मग ‘खोकलं-शिंकलं की लघवी सुटते का’ असं विचारलं, तेव्हा त्या बोलत्या झाल्या. काही जणी ‘अंगावरून जातं’ म्हणतात, ते बहुतेक पांढरं पाणी असतं. तो गोंधळ आधीच सोडवा.

म्हणून आधी आठ-दहा जणींना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारा. सासूबाईंना बाहेर बसवून. ‘व्यायाम करताना’ या पर्यायाला आमच्याकडे सरसकट ‘नाही’ यायचं. हंडा उचलताना मात्र लुगडं ओलं. ‘गेले चार आठवडे’ही डोक्यात बसत नव्हतं, ‘गेले चार बाजार’ म्हटल्यावर बसलं. शून्य ते दहाच्या पट्टीवरही अशाच अडतात. ‘आठ आणे त्रास आहे’ म्हणणारी बाई पाचावर बोट ठेवेलच असं नाही. पट्टी बदलू नका, समजावण्याची पद्धत ठरवून घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना तुम्हीच विचारणार असाल तर तसं नोंदवा, स्वतः भरलेल्यांत मिसळू नका.

अल्फाचं म्हणाल तर गुण मिळतात ते तीनच प्रश्नांना : किती वेळा ०–५, किती प्रमाणात ०–६, रोजच्या जगण्यात किती अडथळा ०–१०. एकूण २१. चौथा, कधी गळते हा, गुणांत धरतच नाहीत. तो अल्फात घालू नका. या तीन प्रश्नांचं आपसात जमतं एवढंच अल्फा सांगतो. त्यापेक्षा उपचार सुरू न केलेल्या बायकांना दोनेक आठवड्यांनी पुन्हा तेच विचारा, उत्तरं तीच येतात का बघा, आणि लघवी शोषलेल्या पॅडच्या वाढलेल्या वजनाशी गुण ताडून बघा.

शब्द हलवण्याआधी ब्रिस्टलच्या आयसीआयक्यू गटाला मेल टाका. परवानगी तर लागतेच, शिवाय मराठी प्रत त्यांच्याकडे आधीच असली तर तुमचे सहा महिने वाचतील.