टक्के कशाला वाढवायचे?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, कुबडी घेऊन चालतो. टी.वाय.बी.कॉम.ला आहे, एस.वाय.ला ६४ टक्के होते. दिव्यांगत्वाचा दाखला ५८ टक्क्यांचा आहे. ओळखीतले म्हणतात, ८० असते तर सरकारी नोकरी पक्की. टक्के वाढवून घेता येतात का? बँकेची परीक्षा द्यावी की एमपीएससी? पेन्शन मिळेल का, आणि नोकरी लागली तर ती बंद होते का? मी एका खासगी कंपनीत स्टोअर सुपरवायझर आहे. मुलगा स्वभावाने गरीब आहे, सांगू ते ऐकतो. कॉलेजला मीच स्कूटरवर सोडतो-आणतो. पण वर्षभरापासून त्याला एक नाद लागला आहे. शनिवारी न सांगता ट्रेनने वाशीला एका संघटनेत जातो, लोकांचे फॉर्म भरून देतो. दोन महिन्यांपूर्वी माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, त्याला उत्तर नाही. आता म्हणतो समाजकार्यात मास्टर्स करायचं. यातून पोट भरतं का? आमच्या माघारी त्याचं कसं होणार, या काळजीने झोप लागत नाही.
– एक पालक, कळवा
(बाबांनी सांगितलं तसं टाइप केलंय.)

उत्तर :

नमस्कार.

तुमची मेल मी तीनदा वाचली, ती त्या शेवटच्या कंसातल्या ओळीसाठी. मेल आलीय तुमच्या मुलाच्या आयडीवरून. म्हणजे तुम्ही सांगत होतात आणि तो लिहीत होता. ‘टक्के वाढवून घेता येतात का’ हे वाक्य त्याने स्वतःबद्दल, स्वतःच्या बोटांनी टाइप केलं. ‘नाद लागला आहे’ हेही. ‘आमच्या माघारी त्याचं कसं होणार’ हेही. एक शब्द गाळला नाही, बदलला नाही. फक्त खाली कंस टाकला.

तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. वीस वर्षं मुलाला स्कूटरवरून नेणारा माणूस वाईट कसा असेल? पण तो गरीब स्वभावाचा आहे, हे काही मला पटलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारा मुलगा गरीब नसतो हो. तो घरात गप्प बसतो, एवढंच.

आता टक्क्यांचं. हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. नोकरीतल्या आरक्षणासाठी त्यात ४० टक्के ही उंबरठ्याची रेघ आहे. तुमचा मुलगा ५८ ला आहे, म्हणजे कधीच आत आलाय. आत आल्यावर ५८ वाल्याला मागे आणि ८० वाल्याला पुढे अशी रांग लागत नाही. तिथे परीक्षेतले गुण लागतात. उलट प्रत्येक पदासाठी बसणं, उभं राहणं, चालणं, लिहिणं, वाचणं यातलं काय जमायला हवं ते ठरलेलं असतं. त्यामुळे कागदावर फुगवलेलं अपंगत्व तुमच्याच मुलाला एखाद्या पदासाठी अपात्र ठरवू शकतं. मग तुमच्या ओळखीतल्यांना हा ८० चा आकडा सापडला कुठे? बहुधा आयकरात. जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी मिळणारी वजावट ४० टक्क्यांना ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख अशी आहे. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनलाही ८० टक्के लागतात. ती दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि महिना ३०० रुपये! त्या आकड्याचा नोकरीशी काडीचा संबंध नाही. आणि ‘वाढवून घेणं’ याला कायद्यात सरळ शब्द आहे, फसवणूक. कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यांवरून वादात सापडलेल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंची उमेदवारी यूपीएससीने २०२४ मध्ये रद्द केली, तेव्हापासून खरे दाखले असलेल्या मुलांकडेही लोक संशयाने बघतात. त्यात भर घालू नका.

नोकरी पक्की, हेही खरं नाही. आरक्षण ४ टक्के आहे, पण ते चार गटांत वाटलेलं आहे. तुमच्या मुलाच्या वाट्याला त्यातला एक टक्का येतो आणि त्याच एका टक्क्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटकेपणा असलेले, मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाले, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले असे सगळे आहेत. बँकांसाठीची आयबीपीएस द्यावी, केंद्राच्या नोकऱ्यांसाठीची स्टाफ सिलेक्शनची (एसएससी) द्यावी, एमपीएससीही द्यावी, बी.कॉम. झाल्यावर त्याची इच्छा असेल तर जरूर द्यावी. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

पेन्शनचं उत्तर एका ओळीचं आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, तुमचा पगार त्यात बसत नाही, विषय संपला. पण ‘नोकरी लागली तर बंद होते का’ या तुमच्या शंकेपाशी मला थांबायचंय, कारण ती मी ठाण्यातल्या चाळींत आणि नवी मुंबईतल्या गावठाणांत वर्षानुवर्षं ऐकतेय. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर थोडे. घरातल्या एकाने झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं की ही रेघ ओलांडली जाते. मग घरचे हिशेब करतात आणि मुलाला घरातच बसवतात. दोष त्या घरांना देऊ नये. योजनाच अशी आखली आहे की कमावणं तोट्याचं वाटावं. आणखी एक गंमत बघा. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. आपल्या राज्यात मात्र विधवा, निराधार, दिव्यांग सगळ्यांना सरसकट महिना १,५०० रुपये होते. दिव्यांगांचे २,५०० झाले ते २०२५ मध्ये. कायदा झाल्यावर नऊ वर्षांनी.

हे मी तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्या मुलाला हे सगळं बहुतेक आधीच माहीत आहे. शनिवारी लोकांचे फॉर्म भरताना हेच तर समोर येतं. कोणाचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अडकलंय, कोणाचा उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे पडून आहे, कोण पाचव्यांदा हेलपाटा घालतंय. धोरण नावाची जी गोष्ट मोठमोठ्या इमारतींत शिकवतात, तिचा तळ तो बघतोय. आणि तुम्ही त्याला नाद म्हणताय. मी तुमच्या बाजूची नाही, स्पष्टच सांगते.

या बाबतीत माझ्याही पदरी एक चूक आहे. वीसेक वर्षांपूर्वी अंध म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, अपंग म्हणजे क्लार्क, असं आम्हा समुपदेशकांचं ठरलेलं गणित होतं. कमी दिसणाऱ्या एका हुशार मुलीला मी तेच सांगितलं होतं. पुढे कचेऱ्यांतले ते टेलिफोन बोर्डच गेले. तिला वकील व्हायचं होतं. मी तिला तेव्हा नीट विचारलंही नव्हतं.

समाजकार्यातून पोट भरतं का? भरतं, थाट होत नाही. संस्थांमधले सुरुवातीचे पगार बेताचे असतात, हे त्यानेही ऐकून ठेवावं. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दिव्यांगत्व या विषयातच समाजकार्याची मास्टर्स पदवी करता येते. अर्ज करताना सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, तिथे त्याचा ५८ टक्क्यांचा दाखला आहे तसा चालतो. पण मला विचाराल तर त्याने तीन वर्षांच्या एलएल.बी.चाही विचार करावा, त्यासाठी सीईटी असते. गेल्या काही वर्षांत दिव्यांगांसाठी जे बदललं ते बरंचसं कोर्टातून बदललं. परीक्षेत लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. एमबीबीएसला प्रवेश नाकारलेल्या महाराष्ट्रातल्या एका मुलाच्या खटल्यात २०२४ मध्ये सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कोणाला अपात्र ठरवू नका, त्याला काय करता येतं ते तपासा. जरा बघा, देशाचं सर्वोच्च न्यायालय टक्क्यांच्या पलीकडे बघायला सांगतंय आणि आपण टक्के वाढवायला निघालोय.

आता ट्रेन. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मी ते वाचून हरखले. कळव्याहून ठाण्याला यायचं, कुबडी सांभाळत त्या गर्दीतून ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे जायचं, धडधाकट माणसांनी भरलेल्या दिव्यांग डब्यात जागा मागायची आणि वाशीला उतरायचं. हे तो वर्षभर एकटा करतोय आणि एकदाही तुम्हाला फोन करून बोलवावं लागलेलं नाही. तुमच्या माघारी त्याचं कसं होणार, याचं थोडं उत्तर दर शनिवारी मिळतंय. तो न सांगता जातो, कारण सांगितलं तर तुम्ही स्कूटर काढाल. सोमवारपासून कॉलेजलाही त्याला ट्रेनने जाऊ द्या. पहिले आठ दिवस तुम्हालाच जड जातील.

वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. एकदा तुम्ही दोघं मिळून बघून या. मुलासाठी नाही, तुमच्यासाठी. तिथे तुमच्यासारखे पालक भेटतील. जाताना स्कूटर नको, त्याच्याबरोबर ट्रेनने जा. ठाण्याला कुठला जिना टाळायचा ते तो दाखवेल.

शेवटचं थोडं तुझ्यासाठी, कारण ही मेल तूच उघडणार आहेस. पैशांचं बोलणं घरात टाळू नकोस. मास्टर्सची दोन वर्षं खर्च कसा भागवणार, शिष्यवृत्ती कोणती, ते कागदावर मांड आणि बाबांसमोर ठेव. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हिशेब कळतो. आणि तुझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं काय झालं? उत्तराची मुदत ३० दिवस असते, ती संपल्यावर पहिल्या अपिलाला आणखी ३० दिवस मिळतात. तू दोन महिने म्हणतोयस, म्हणजे जेमतेम काही दिवस उरले असतील. अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं. अर्जाची पोच जोड आणि याच आठवड्यात टाक.