तेरा महिन्यांच्या मुदतपूर्व बाळाला अजून दात नाही, काळजी करावी का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, जन्माच्या वेळी वजन १,२५० ग्रॅम होते, सुरुवातीचे दिवस व्हेंटिलेटरवर आणि पुढचे कित्येक आठवडे काचेच्या पेटीत गेले, आता तो १३ महिन्यांचा आहे आणि तोंडात अजून एकही दात नाही. सासूबाई कॅल्शियमचे औषध सुरू करा म्हणतात, शेजारीण म्हणते की अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे दात किडकेच येतात, आणि यातले खरे काय ते तुम्हाला हवे आहे. मी नवी मुंबईत लहान मुलांची दंतवैद्य म्हणून काम करते. ठाणे, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहून आलेली बरीच मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांचे पालक पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच विचारतात.

दात येण्याचा हिशोब जन्मतारखेपासून न करता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करावा. पूर्ण मुदत ४० आठवड्यांची धरली तर तुमचा मुलगा १० आठवडे, म्हणजे सव्वादोन महिन्यांहून थोडा अधिक काळ आधी आला. तेवढे वजा केले की त्याचे वय आज साडेदहा महिन्यांच्या आसपास भरते. पहिला दात, बहुधा खालचा मधला, साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान येतो आणि पूर्ण दिवसांच्या धडधाकट मुलांतही तो वर्ष उलटल्यावर येणे नवलाचे नाही. मुदतपूर्व मुलांत दिसणारा उशीर अशी दुरुस्ती केल्यावर बहुतेक वेळा नाहीसाच होतो. फार दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या किंवा तोंडाने दूध घेणे खूप लांबलेल्या मुलांत मात्र तो थोडा शिल्लक राहू शकतो. दुरुस्त वयाने १८ महिने झाले आणि तरीही एक दात नाही, तर थायरॉइड, मुडदूस किंवा एखादा जन्मजात दोष आहे का हे पाहणे योग्य ठरेल. तुम्ही त्या टप्प्यापासून बरेच दूर आहात. जाता जाता हेही सांगते की वरचा दात आधी आला तर तो मामाला जड असतो, या समजुतीत काडीचे तथ्य नाही. दातांचा क्रम मागेपुढे होतोच.

दात केव्हा येतो यापेक्षा तो कसा येतो याकडे तुम्ही लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण मुदतपूर्व जन्माचा खरा परिणाम दातांवरच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर दिसतो. दुधाच्या दातांचे कोंब गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरू लागतात आणि त्यांत खनिज भरण्याचे काम चौथ्या महिन्यात सुरू होते. बाळाला आईकडून मिळणाऱ्या कॅल्शियम आणि फॉस्फरसपैकी सुमारे ८० टक्के वाटा शेवटच्या तिमाहीतला असतो. तिसाव्या आठवड्यात नाळ तुटली की हा पुरवठा ऐन भरात असताना बंद पडतो, आणि त्यानंतर शिरेतून दिलेल्या द्रवांनी किंवा नळीतून दिलेल्या दुधाने तो तितक्याच वेगाने भरून काढणे कठीण जाते. त्यात श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, रक्तातले कॅल्शियम घसरणे यांची भर पडते. एनॅमल बनवणाऱ्या पेशी अशा ताणाला फार हळव्या असतात. काही दिवस त्यांचे काम बिघडले तरी त्या दिवसांत घडलेला थर पातळ राहतो किंवा त्यात खनिज कमी भरते. जन्माचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या मुलांत असे दोष पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळतात, मात्र ते प्रत्येकात असतातच असे नाही. तुमच्या शेजारणीच्या बोलण्यात एवढेच तथ्य आहे की असा दात किडीला लवकर बळी पडतो. तो किडलेला उगवत नाही.

कॅल्शियमच्या औषधाचा प्रश्न इथेच सुटतो. दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत एनॅमल बनवणाऱ्या पेशी आपले काम आटोपून नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे पातळ राहिलेला थर नंतर कितीही कॅल्शियम पाजले तरी आतून जाड होत नाही, आणि त्याने दात लवकरही येत नाहीत. मुदतपूर्व बाळाला ड जीवनसत्त्व, लोह आणि काही वेळा कॅल्शियम-फॉस्फरस दिले जाते ते हाडांसाठी आणि रक्तासाठी; त्याची मात्रा तुमचे बालरोगतज्ज्ञ वजन आणि रक्ततपासणी पाहून ठरवतात. त्यांनी सांगितले असेल तेवढे द्यावे, आणि दातांच्या नावाखाली त्यात घरून भर घालू नये. गरोदरपणात तुम्ही दूध कमी प्यायलात म्हणून असे झाले, असे कोणी म्हणत असेल तर तेही मनावर घेऊ नका. खनिज पोचवण्याचे दिवसच कमी पडले.

काही मुलांत दोष फक्त एकाच जागी असतो, आणि त्याचे कारण वेगळे असते. मुदतपूर्व मूल वर्षाचे झाल्यावर तपासायला येते तेव्हा मी आईच्या समोर गुडघ्याला गुडघे लावून बसते, मुलाचे डोके माझ्या मांडीवर आणि पाय आईच्या कमरेभोवती, आणि वरचा ओठ बोटाने उचलून पाहते. वरच्या दोन मधल्या दातांपैकी उजवा गुळगुळीत आणि डाव्याच्या पुढच्या बाजूवर तांदळाच्या कणीएवढा खळगा, तळाशी पिवळसर आणि कडेने पांढुरका, असे दिसले की मी डिस्चार्ज कार्ड मागते. बहुतेक वेळा त्यावर श्वासनलिकेत नळी घातल्याची नोंद सापडते. नळी घालताना डॉक्टर लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा नीट दिसावा म्हणून वापरायचे पात्याचे उपकरण, डाव्या हातात धरतात, त्याच्या पात्याने जीभ डावीकडे सरकवतात, आणि एवढ्याशा तोंडात दुसरा आधार नसल्याने ते पाते वरच्या हिरडीवर डाव्या बाजूला टेकते. त्याखाली पातळ हाडाआड दाताचा कोंब घडत असतो. यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो, बाळाचा श्वास चालू ठेवणे हे त्या क्षणी दातापेक्षा फार मोठे काम असते. तुमच्या मुलाला नळी होती, म्हणून वरचे दात आले की डाव्या बाजूकडे जरा बारकाईने पाहावे.

नळी बरेच दिवस तोंडातून असेल तर टाळूला मध्यभागी खाच पडते, किंवा टाळू उंच आणि अरुंद राहतो. एका कुशीवर झोपवल्याने डोके बाजूंनी चपटे होणे हेही त्याला हातभार लावते. मूल चावून खाऊ लागले की ही खाच बऱ्याच मुलांत भरत जाते. त्यासाठी आता काही करण्याची गरज नाही.

घरी काय पाहायचे ते सांगते. पहिला दात दिसला की आठवड्यातून एकदा, खिडकीजवळच्या उजेडात, ओठ उचलून दात स्वच्छ ओल्या सुती फडक्याने पुसा आणि कोरडा करून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ, पिवळा किंवा तपकिरी डाग, खळगा, किंवा नखाला लागणारा खडबडीतपणा यांपैकी काही आढळले तर दंतवैद्याकडे जाण्यास पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. दातांवरचा काळपट थर हा मात्र पुष्कळदा लोहाच्या थेंबांचा असतो. तो वरवरचा असून दवाखान्यात पॉलिश करून निघतो, म्हणून त्यापायी लोह बंद करू नका. हिरवट दात क्वचित दिसतात, आणि तेही ज्यांची कावीळ फार तीव्र होऊन बराच काळ टिकली अशा मुलांत. चार दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या सर्वसाधारण काविळीने सहसा तसे होत नाही.

पातळ एनॅमल असलेल्या दाताला खरा धोका रात्रीच्या दुधाचा, आणि हा विषय आपल्याकडे अवघड होऊन बसतो. मुदतपूर्व बाळाच्या घरी वर्षभर एकच घोष चाललेला असतो, वजन वाढले पाहिजे. आईवडील दोघे सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडणारे, दिवसभर बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात, आणि रात्री ते रडले की साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे हाच सर्वांना सोपा मार्ग वाटतो. झोपेत लाळ सुटायची जवळजवळ थांबते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, आणि दोष असलेला दात काही महिन्यांत हिरडीपाशी तुटू लागतो. वजनासाठी साखर लागत नाही. मऊ भातात तूप, नाचणीच्या खिरीत खोबऱ्याचा किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट, अंडे, घट्ट वरण यांतून जास्त उष्मांक मिळतात आणि दातांनाही ते सोसतात. दुधात साखर, बिस्कीट, मध काही घालू नये. बाटली असेल तर ती झोपेआधी संपवून दात पुसावेत, आणि आता वाटी-चमचा किंवा पेला शिकवायला हरकत नाही. अंगावरचे दूध चालू असेल तर ते तोडण्याचा सल्ला मी देणार नाही, फक्त दात आल्यावर रात्रीचे शेवटचे पाजणे झाले की ते पुसण्याची सवय ठेवावी.

पहिल्या दातापासून मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरावी, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १,००० पीपीएम आहे. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रंगीत पेस्टमध्ये ते फार कमी असते किंवा नसतेच, तेव्हा घेण्यापूर्वी ट्यूबवरचा आकडा वाचावा.

ब्रश करताना तुमचा मुलगा इतर मुलांपेक्षा जास्त विरोध करण्याची शक्यता आहे, आणि तो हट्टीपणा समजू नये. ज्याच्या तोंडात पहिले काही आठवडे नळ्या, चिकटपट्ट्या आणि सक्शनच जात होते, त्याला तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू त्रासाची वाटली तर त्यात आश्चर्य नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत नीट बसत नाही. म्हणजे तुमचे बाळ ते शिकण्याआधीच नळीवर गेले. आतापासूनच, दात यायच्या आधी, आंघोळीनंतर स्वच्छ बोटाने आधी गाल, मग ओठ, मग हिरड्या अशी हलकी मालिश सुरू करा, आणि त्याने तोंड फिरवले की तिथेच थांबा. घट्ट घास तोंडात घेताच त्याला दर वेळी उमासे येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडून वाचा व आहार चिकित्सकाची चिठ्ठी घ्यावी. दात येताना हिरडीवर लावायचे बधिर करणारे जेल मात्र दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊ शकते. आणि ताप किंवा जुलाब झाले तर 'दात येताहेत' म्हणून घरी थांबू नका, तुमच्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

दंतवैद्याकडे पहिली भेट दात नसतानाही आता घ्यावी. नेरूळमधील डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरचे भारती विद्यापीठ, खारघरचे वाय. एम. टी., कामोठ्याचे एमजीएम या दंत महाविद्यालयांत बालदंतचिकित्सेचे स्वतंत्र विभाग आहेत आणि तिथला खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. सरकारी मार्ग हवा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ज्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, ते ठाणे जिल्ह्यात असतानाच झाली. त्याच्या तपासणीत दातांचे विकारही धरलेले आहेत, आणि अंगणवाडीत चौकशी केली की पथकाची तारीख कळते. कुठेही जाताना एनआयसीयूचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, कारण किती दिवस नळी होती, कावीळ किती होती, कॅल्शियम कधी घसरले होते, यावरून दंतवैद्याला कोणत्या दातावर लक्ष ठेवायचे ते ठरवता येते. दोष आढळला तर दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वॉर्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा फ्लोराइडचा लेप, लावतात. खळगा असेल तर तो ग्लास आयोनोमर सिमेंटने भरता येतो, आणि दाढ फारच नाजूक असेल तर तिच्यावर स्टीलची टोपी बसवतात.

दुधाच्या दातांतला दोष त्यांच्याबरोबर पडून जातो. कायमच्या पुढच्या दातांत खनिज भरणे पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होते, त्यामुळे ते बहुधा बचावतात. कायमची पहिली दाढ मात्र जन्माच्या सुमारासच घडू लागलेली असते, म्हणून ती सहाव्या वर्षी येताना नक्की तपासून घ्यावी. ही दाढ कोणताही दात न पडता सगळ्यात मागे गुपचूप उगवते, आणि बरेच पालक तिला दुधाची समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात.