गर्लफ्रेंडला व्हिजिटर व्हिसावर (फिरायला येण्याचा व्हिसा) युकेला बोलवायचंय ना, मग हे बघ
अरे तुझं आमंत्रणाचं पत्र, सॅलरी स्लिपा जोडच, पण व्हिसा देणाऱ्यांना मेन बघायचं असतं ती परत भारतात जाणार की नाही, त्यामुळे तिच्या कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जास्त कामाचं. ऐनवेळी तिच्या खात्यात दोन लाख टाकू नकोस, लगेच नजरेत येतं, खर्च तू करणार असशील तर सरळ तसं लिही. नातं लपवायचं नाही, उगाच 'फक्त मित्र' वगैरे नको. प्रवासाच्या 3 महिने आधीपासून अर्ज करता येतो, निकाल साधारण 3 आठवड्यांत, तिकीट त्यानंतरच काढ. आणि हो, इथेच लग्न उरकायचा प्लॅन असेल तर हा साधा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालत नाही, लग्नासाठीचा मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा असतो.