जंपसूट शिवताय? छातीचं माप ठेवा बाजूला, आधी धड मोजा

तुमचा प्रश्न असा: पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) विकत घेऊन घरीच प्रिंट केलाय, छाती-कंबर-सीट मीडियमला तंतोतंत जुळतंय, साडेतीन मीटर कॉटन आणून ठेवलंय, मग थेट कापायला घेऊ का?

नका घेऊ. आधी माझी फजिती ऐका.

माझा पहिला जंपसूट निळ्या इंडिगो कॉटनचा. मापं तुमच्यासारखीच जुळलेली, आरशात उभी राहिले तर झकास. भाच्याच्या बारशाला घालून गेले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले मात्र, खांदे खाली ओढले गेले आणि आसनात (दोन पायांमधल्या शिवणीत) असा काच बसला की पुढचा तासभर मी गुडघ्यांवर उकिडवी. त्यात चेन पाठीला. बाथरूमला जाताना वहिनीला हाताला धरून नेलं, चेन उघडायला.

कुर्ता-पायजम्यात बसलो की कुर्ता वर सरकतो, पायजमा खाली, आणि आपल्याला कळतही नाही. जंपसूटमध्ये दोन्ही एकमेकांना शिवलेले. सरकायला जागाच नाही. म्हणून इथे छातीपेक्षा धडाचा पूर्ण फेरा महत्त्वाचा. कंबरेला नाडी बांधा. मान आणि खांदा मिळतात तिथून टेप सुरू करा, छातीवरून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर. शिवणाचा टेप साठ इंचांचा असतो आणि उंच बाईला तो पुरत नाही, तेव्हा सरळ सुतळी घ्या आणि नंतर ती मोजा. हेच माप एकदा खुर्चीवर बसूनही घ्या, फरक दिसेल. उंचीवर जाऊ नका. पाच फूट दोन इंचांच्या बाईचं धड लांब आणि पाय आखूड असू शकतात.

आता तोच फेरा कागदावर मोजा. पुढच्या भागाचा खांदा ते कंबर, कंबर ते आसनाचं टोक, मग मागच्या भागाचं तसंच. टेप कडेवर उभा धरला की वळणावर नीट बसतो. शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेली जागा, वजा करा. काही पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, काहींत (बुर्डा या शिवणकामाच्या मासिकाच्या पॅटर्नमध्ये तर नसतेच) आपण सोडायची असते, तेव्हा सूचना वाचा. आणि हो, घरी प्रिंट केलाय ना? पानावर एक चाचणीचा चौकोन असतो, तो पट्टीने मोजा. प्रिंटरने 'फिट टू पेज' करून टाकलं असेल तर सगळंच लहान आलेलं असतं.

माझा फेरा 63 इंच, कागद सांगत होता 61. न ताणणाऱ्या कापडाला वर किमान दोन इंच सैल हवं, म्हणजे 65. चार इंच कमी! पण हे चार पुढे चार आणि मागे चार असे घालायचे नाहीत. फेरा पुढून-मागून मिळून होतो, म्हणून पुढच्या भागात दोन, मागच्यात दोन. त्यातही एक इंच कंबरेच्या वर, एक इंच कंबर आणि आसनाच्या मध्ये. पॅटर्नवर लांबी वाढवण्याची आडवी रेघ असते, तिथे कापून मध्ये कागदाची पट्टी चिकटवायची. नुसतं पायाच्या तळाशी वाढवून काही होत नाही. पाय लांब होतात, काच तसाच राहतो.

कापड आधी धुवा, ही गोष्ट जंपसूटला दुप्पट लागू. कॉटन उभ्या धाग्यात, म्हणजे लांबीत, आटतं. तीन टक्के म्हटलं तर काही वाटत नाही, पण 65 इंचांच्या फेऱ्यावर ते जवळजवळ दोन इंच होतात, म्हणजे आपण कष्टाने घातलेलं सगळं सैलपण पहिल्याच धुण्यात गेलं.

मग मांजरपाटाचा कच्चा, चाचणीपुरता जंपसूट. पाय गुडघ्यापर्यंतच, खिसे-बाह्या नकोत, लांब टाक्यांची शिलाई. तो घालून मांडी घाला, वरच्या फळीवरचा डबा काढा, खाली वाकून चपलेचा पट्टा लावा. मागे आसनाखाली आडव्या सुरकुत्या ओढल्या जात असतील तर मागचं वळण पाव-पाव इंचाने खोल करा. एकदम अर्धा इंच कापू नका, कापलेलं परत येत नाही.

खऱ्या कापडात क्रम असा ठेवा: दोन्ही पाय वेगळे शिवून घ्या, एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घाला आणि आसनाची शिवण पुढून मागे एका दमात मारा. वळणावर दुसरी शिलाई हवीच, सगळा ताण तिथेच येतो. कंबरेची शिवण सगळ्यात शेवटी. वरच्या भागाला इंचभर जास्त माया ठेवा, घालून बघा, नाडी बसेल तिथे खडूने खूण करा, मग जोडा. कंबरेला इलॅस्टिक घातलंत तर पाव-अर्ध्या इंचाची चूक पोटात जाते. मी आता घालतेच.

उघडायची सोय पुढून. बटणपट्टी कंबरेखाली सात-आठ इंच गेली पाहिजे, नाहीतर सीट बाहेर येत नाही.

पहिल्यांदा सरळ, ढगळ कापाचाच पॅटर्न निवडा. 1920 साली फ्लॉरेन्सच्या 'ला नात्सिओने' वर्तमानपत्राने थायात या कलाकाराच्या 'तुता' नावाच्या अंगभर सूटचा पॅटर्न वाचकांसाठी छापला होता, तोही सरळ रेषांचाच, कुणालाही घरी कापता यावा म्हणून. तुमचा पॅटर्न कमरेत घट्ट असेल तर मोठ्या साइझची बाजूची रेघ धरा.

धडाचा फेरा आणि कागदाचा फेरा, दोन्ही आकडे इथे टाका. कुठे किती पट्टी घालायची ते सांगते. तोवर कात्री कपाटात.