वाचक विचारतात : ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ घरच्या टीव्हीवर

प्रश्न : या चित्रपटाची ब्लू-रे आणली. ४३ इंची टीव्हीवर आकाशात मुंग्या फिरतात, सगळं पिवळट दिसतं, शिवाय वर-खाली काळे पट्टे. डिस्क परत करू का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घाई नको. मुंग्या आणि पट्टे हा डिस्कचा दोष नाही.

१९६६चा हा चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला. एरवी ३५ मिमी फिल्मवर एका चौकटीला चार छिद्रांइतकी उंची मिळते, टेक्निस्कोपमध्ये दोनच. कच्ची फिल्म निम्मीच लागायची. पण चौकट लहान, त्यामुळे मोठ्या पडद्यावर तिचा दाणाही, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपकेही, मोठा होतो. तुमच्या मुंग्या त्याच. त्या घालवायला टीव्हीतलं ‘नॉइज रिडक्शन’ लावलंत, तर दाण्याबरोबर कातडीही पुसली जाते. ते बंद करा आणि स्मशानातल्या शेवटच्या तिघांच्या सामन्यात एखादा चेहरा थांबवून बघा. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट सुटे-सुटे दिसले पाहिजेत. टोपीच्या कडेला आकाशालगत पांढरी रेघ दिसली, तर ती जाईपर्यंत ‘शार्पनेस’ उतरवा.

पट्टे असायलाच हवेत. चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट आहे. ४३ इंची टीव्हीवर प्रत्येक पट्टा साधारण साडेसहा सेंटीमीटरचा येतो. ‘झूम’ करून ते घालवलेत, तर दोन्ही कडांना उभी असलेली माणसं कापली जातील.

पिवळेपणाचं मात्र तपासावं लागेल. टीव्हीचा चित्र-मोड बहुधा भडक, निळसर ‘व्हिव्हिड’वर असेल; तो ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर आणा. निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्याला पहिले दोन दिवस सगळंच उबदार वाटेल, ते सोडून द्या. मग प्लेअरचा मेनू उघडा. त्यातली पांढरी अक्षरंही पिवळी दिसली तर दोष टीव्हीच्या रंगजुळणीत. अक्षरं पांढरी आणि आकाश पिवळं असेल तर दोष डिस्कचा. २०१४च्या ४के पुनरुज्जीवनातून निघालेल्या ब्लू-रेवर ही पिवळी झाक आहेच. २०१७च्या अमेरिकी आवृत्तीत ती कमी केली आहे. अमेरिकेतल्या कुणाकरवी ती मागवणार असाल तर आधी प्लेअर बघा : ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’ विभागात; एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. ४के डिस्कला विभागाची अट नसते, पण तिला ४के प्लेअरच लागतो.

प्रश्न : ओठ आणि आवाज जुळत नाहीत. जुन्या डीव्हीडीवर शिट्टीची धूनही वरच्या पट्टीत वाजते. – शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ओठ कुठल्याच डिस्कवर जुळणार नाहीत. नट आपापल्या भाषेत बोलले, आवाज मागाहून भरले. म्हणून जुळणी ओठांवर नको, बंदुकीवर तपासा. ठिणगीआधी बार ऐकू आला तर साउंडबारचा ‘एव्ही सिंक’ (आवाज उशिरा सोडण्याची सोय) थोडा थोडा वाढवा. बार मागाहून आला तर तो शून्यावर आणा आणि ब्लूटूथऐवजी टीव्हीच्या ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेल्या खाचेतून साउंडबारला केबल लावा.

ट्रॅक मोनोच, म्हणजे एकाच वाहिनीचा, निवडा. मूळ ध्वनी मोनो होता. पुढे केलेल्या ५.१ (अनेक स्पीकरांच्या) ट्रॅकमध्ये गोळीबाराचे कित्येक आवाज नव्याने भरले आहेत आणि ते जुन्या चित्रावर चिकटवल्यासारखे वाटतात. साउंडबारचा ‘सराउंड’ही बंद ठेवा, नाहीतर मोनो आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो.

शिट्टीचं कारण वेगळं. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात. १६१ मिनिटांचा चित्रपट सुमारे १५५ मिनिटांत उरकतो आणि सूर चढतो. पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंतचं जवळजवळ पाऊण अंतर. ब्लू-रेवर, प्लेअरमध्ये ‘२४पी’ (सेकंदाला २४ चौकटी) सुरू ठेवून ऐकाल तर धून जागेवर येईल.

लांब आवृत्ती घेतलीत तर काही प्रसंगांत क्लिंट ईस्टवुड आणि एलाय वॉलाक या नटांचे आवाज एकदम म्हातारे वाटतील. ते त्यांनी २००३च्या आवृत्तीसाठी पुन्हा दिले आहेत. तेवढ्यासाठी बास-ट्रेबल फिरवत बसू नका.